मैदानाचं गेट

१४ सप्टेंबर २०२५ च्या रात्री दुबईत भारताच्या क्रिकेटपटूंनी पाकिस्तानच्या क्रिकेटपटूंशी हस्तांदोलन केलं नाही. दोन आठवड्यांनी आशिया चषक जिंकूनही त्यांनी करंडक घेतला नाही. तो द्यायला उभे असलेले मोहसीन नक्वी आशियाई क्रिकेट परिषदेचे अध्यक्ष होते, पाकिस्तानच्या क्रिकेट मंडळाचेही अध्यक्ष होते आणि वर त्या देशाचे गृहमंत्रीही होते. तेव्हापासून आपल्याकडे एक वाद चालू आहे आणि तो चुकीच्या जागी अडकलाय असं मला मनापासून वाटतं. एक बाजू म्हणते, खेळात राजकारण आणू नका. दुसरी म्हणते, देश आधी, खेळ नंतर. मी नोकरीनिमित्त दुबईत राहतो. आमच्या ऑफिसात कराचीतल्या ल्यारीचा एक बलोच सहकारी आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी पॅन्ट्रीत सगळ्यांनी त्याला गाठलं, तुमचं काय म्हणणं म्हणून. तो क्रिकेट बघतच नाही, फुटबॉलवाला माणूस. चहात साखर ढवळत म्हणाला, "भाई, हाथ मिलाना तो बाद की बात है, हमारी तो ग्राउंड का गेट खुलवाने में उमर निकल गई."

सगळे हसले आणि पांगले. मला मात्र त्या वाक्यात आख्खा वाद दिसला. आपल्याकडच्या दोन्ही बाजूंनी 'राजकारण' या शब्दाचा एकच अर्थ धरलाय: दोन सरकारं, दोन झेंडे, एक सीमा. मैदान कोणाच्या ताब्यात आहे, चेंडू कोण शिवतं आणि त्याला काय मिळतं, खेळाडूची चूल कशावर पेटते, मुलींना दार उघडं आहे की बंद, हे सगळं त्या अर्थातून गळून पडलं. खेळाचं राजकारण मुळात हेच असतं आणि झेंडे त्यावर नंतर चढतात. पाकिस्तानात फुटबॉलवर जीव टाकणाऱ्या माणसाला हे कोणी शिकवावं लागत नाही. तो खेळाबरोबर सामाजिक न्यायाबद्दल बोलू लागला की त्याला 'तू आपला खेळ बघ' म्हणून गप्प बसवतात. माझ्या मते तो खेळच बघत असतो, आणि आपल्या स्टुडिओत बसलेल्या तज्ज्ञांपेक्षा जास्त बारकाईने.

ल्यारी ही कराचीतल्या सर्वात जुन्या वस्त्यांपैकी एक. बंदरावर, गिरण्यांत, गोदामांत राबणाऱ्यांची वस्ती: बलोच, कच्छी, सिंधी आणि आफ्रिकेतून गुलाम किंवा खलाशी म्हणून आलेल्यांचे वंशज असलेले शीदी. (आपल्या मुरूड-जंजिऱ्याचे सिद्दी आणि कराचीचे शीदी यांचं मूळ त्याच समुद्रमार्गावर सापडतं. एकीकडे किल्ला आणि गादी मिळाली, दुसरीकडे हमाली.) सगळा पाकिस्तान क्रिकेटवेडा असताना ही वस्ती फुटबॉलला चिकटून राहिली. विश्वचषक आला की गल्ल्यांत ब्राझीलचे झेंडे लागतात, भिंतींवर खेळाडूंची चित्रं रंगतात, चौकात पडदा बांधून शेकडो माणसं रात्रभर सामने बघतात. ब्राझीलच का? माझा सहकारी म्हणतो, टीव्हीवर पहिल्यांदा आमच्यासारख्या रंगाची, आमच्यासारख्या केसांची माणसं जिंकताना दिसली ती पिवळ्या शर्टात. शहरात ज्यांना वर्णावरून हाका मारल्या जातात त्यांनी आपला संघ असा निवडला असेल, तर त्या निवडीतून राजकारण वेगळं कसं काढायचं?

विरोधी बाजूचा सर्वात वजनदार मुद्दा मला मान्य आहे. खेळ हा माणसाचा विसावा आहे. दिवसभर जात, धर्म, भाषा, भाडं, हप्ता यांनी पिळून निघालेल्या माणसाला नव्वद मिनिटं तरी यातलं काही नको असतं. त्या नव्वद मिनिटांतही भाषणं घुसवणारा माणूस मलाही आवडत नाही. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी इस्लामाबादच्या जिना स्टेडियममध्ये पाकिस्तानने कंबोडियाला १-० ने हरवलं. विश्वचषक पात्रता सामन्यांतला त्यांचा हा पहिलाच विजय. माझा सहकारी त्या दिवशी ऑफिसच्या जिन्यात मोबाइलवर सामना बघत होता. हारून हमीदचा गोल झाला तेव्हा तो पायरीवर मटकन बसला आणि तळहातांनी चेहरा झाकून घेतला. त्या क्षणी त्याच्याशी फुटबॉल फेडरेशनच्या घटनेवर चर्चा करणं हा दुष्टपणा झाला असता.

पण विसाव्यालाही जागा लागते. ल्यारीत टोळीयुद्ध पेटलं होतं त्या वर्षांत एका गल्लीतली पोरं दुसऱ्या गल्लीच्या मैदानावर जाऊ शकत नव्हती. मैदान तेच होतं, गोलपोस्टही तेच, मधे एक न दिसणारी रेघ आली होती. ऑगस्ट २०१३ मध्ये, रमझानच्या दिवसांत, रात्रीचा सामना संपून गर्दी बाहेर पडत असताना मैदानाजवळ बॉम्ब फुटला. अकरा जण गेले, त्यात बहुतेक कोवळी पोरं. त्या आईबापांना 'खेळ राजकारणापासून दूर ठेवा' असं सांगून बघा. त्यांनी तो दूरच ठेवला होता. राजकारणच चालत मैदानापर्यंत आलं. वस्तीत बंदुका कोणी येऊ दिल्या, पोलीस कोणासाठी डोळे मिटून बसले, मतांसाठी कोणत्या टोळीला कोणी हाताशी धरलं, हे प्रश्न विचारल्याशिवाय त्या वस्तीत सुखाने फुटबॉल बघता येत नाही. विसावा ज्याच्या हक्काचा आहे त्याला हे प्रश्न विचारावे लागत नाहीत, आणि 'खेळ फक्त खेळ' हे वाक्यही बहुतेक तोच उच्चारतो.

आपल्या मराठी मुलखाला तर हे नव्याने कळण्याचं कारणच नाही. दलित समाजातला पालवणकर बाळू पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टीची निगा राखता राखता त्यांना नेटमध्ये गोलंदाजी करू लागला आणि देशातला पहिल्या प्रतीचा डावखुरा फिरकी गोलंदाज झाला. तेव्हा संघ धर्मावर उभे असत; हिंदू संघाला तो हवा होता, कारण गोऱ्यांना हरवायचं होतं. मैदानावर त्याच्या हातचा चेंडू चालत होता, पण चहाच्या वेळी त्याला पॅव्हेलियनच्या बाहेर वेगळ्या भांड्यात चहा दिला जात होता. आत बसून चहा पिणाऱ्यांच्या लेखी तिथे राजकारण नव्हतंच, निव्वळ क्रिकेट होतं. १९२० मध्ये कर्णधारपदाच्या वादात त्याचे भाऊ विठ्ठल आणि शिवराम संघातून बाहेर पडले तेव्हा मात्र त्याला राजकारण म्हटलं गेलं. १९२३ मध्ये विठ्ठल हिंदू संघाचा कर्णधार झाला. तो निव्वळ बळी आणि धावांच्या हिशेबाने झाला असता का? भावांनी 'खेळात जात आणली' म्हणून त्या काळी कुरकुरणाऱ्यांना एवढंच विचारावंसं वाटतं, की ती भांडी वेगळी कोणी ठेवली होती?

आता दुसरा आक्षेप, आणि तो पाकिस्तानी फुटबॉलच्या इतिहासातूनच येतो. राजकारण्यांनी त्या फुटबॉलची जी दशा केली ती पाहून कोणीही म्हणेल की कुलूप लावा आणि यांना बाहेर ठेवा. फैसल सालेह हयात हे केंद्रात मंत्री राहिलेले पुढारी २००३ पासून दशकाहून जास्त काळ फेडरेशनच्या खुर्चीवर होते. २०१५ च्या निवडणुकीत गट फुटले, प्रकरण कोर्टात गेलं, कोर्टाने प्रशासक नेमला आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये फिफाने 'बाहेरचा हस्तक्षेप' म्हणून देशालाच निलंबित केलं. मार्च २०२१ मध्ये एका गटाने लाहोरच्या मुख्यालयाचा ताबा घेतला आणि एप्रिलमध्ये पुन्हा निलंबन आलं, ते जून २०२२ अखेर उठलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिसऱ्यांदा, कारण फेडरेशनच्या काँग्रेसने, म्हणजे तिच्या सर्वसाधारण सभेने, घटनादुरुस्ती मंजूर केली नाही. देशाची मुख्य लीग २०१८-१९ नंतर वर्षानुवर्षं पुरी झाली नाही. हा सगळा उकिरडा राजकारणाचाच आहे, यात वाद नाही.

पण या भांडणाची किंमत कोणी मोजली ते बघा. मार्च २०२१ मध्ये मुख्यालयाचा ताबा घेतला गेला तेव्हा कराचीत महिलांची राष्ट्रीय स्पर्धा चालू होती. ती तिथेच थांबली. देशभरातून आलेल्या मुली बॅगा भरून परत गेल्या. लाहोरच्या खुर्चीशी त्यांचा काही संबंध नव्हता. आणि यावर नाक मुरडण्याआधी आपण आपलं घर बघावं. भारतीय फुटबॉल महासंघाचे अध्यक्ष प्रफुल्ल पटेल यांची मुदत संपूनही निवडणूक झाली नाही, सर्वोच्च न्यायालयाने प्रशासक समिती नेमली आणि ऑगस्ट २०२२ मध्ये फिफाने भारतालाही याच कलमाखाली निलंबित केलं. त्या वेळी गोकुलम केरळचा महिला संघ आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोहोचला होता. दहा-अकरा दिवसांत निलंबन उठलं, पण त्या मुली न खेळताच परतल्या. कराची असो की ताश्कंद, पुरुषांनी खुर्चीसाठी भांडायचं आणि बॅगा मुलींनी भरायच्या. हे थांबवायचं तर खेळाडूंना मतदानाचा हक्क हवा, मुदती पाळल्या जायला हव्यात, हिशेब उघडे हवेत. म्हणजे पुन्हा राजकारणच, पण खेळाडूंच्या बाजूचं. आणि फिफाच्या 'आम्ही राजकारणापासून अलिप्त' या म्हणण्यावर किती विसंबायचं? वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेला त्यांनी १९६१ मध्ये निलंबित केलं, मधे ते निलंबन उठवलं, पुन्हा लावलं, आणि हकालपट्टी करायला १९७६ उजाडलं. रशियाच्या संघांना २०२२ मध्ये युद्ध सुरू झाल्यापासून चार दिवसांत बाहेर काढलं. दोन्ही निर्णय मला योग्य वाटतात. पण घाई कधी करायची आणि सवड कधी काढायची हे ठरवणं राजकारण नाही तर काय?

ल्यारीच्या माणसाला सर्वात जास्त कळतं ते मात्र नोकरीचं राजकारण, आणि या बाबतीत आपल्या वादात कोणी चकार शब्द काढत नाही. पाकिस्तानात फुटबॉलपटू क्लबच्या पगारावर जगत नाही. तो वॉपडा (पाणी-वीज खातं), केआरएल (सरकारी संशोधन प्रयोगशाळा), कराची पोर्ट ट्रस्ट, एखादी सरकारी बँक अशा खात्याच्या संघात खेळतो. खातं त्याला हुद्दा देतं, महिन्याचा पगार देतं, गुडघा गेल्यावर टेबलामागची खुर्ची देतं. वस्तीतल्या पोराला खेळावर स्थिर आयुष्य उभं करायचा रस्ता बहुतेक एवढाच होता. इम्रान खान पंतप्रधान झाले आणि खात्यांच्या संघांऐवजी प्रांतांचे संघ हवेत, हा त्यांचा जुना आग्रह धोरण झाला. आधी क्रिकेटमध्ये आणि २०२१ पर्यंत बाकीच्या खेळांतही खात्यांचे संघ बंद करण्याचे आदेश निघाले. कागदावर त्या युक्तिवादात दम होता: बँकेच्या संघासाठी कोण ओरडतं? शहराच्या संघामागे शहर उभं राहतं. पण शहराचा संघ उभा राहण्याआधी खात्याचा संघ मोडला आणि मधल्या काळात कित्येकांच्या नोकऱ्या गेल्या. सरकार बदललं आणि २०२२ मध्ये ते आदेश मागे घेतले गेले. एका मोठ्या खेळाडूने खेळाच्या भल्यासाठी घेतलेला निर्णय होता, म्हणून त्याला राजकीय म्हणायचं नाही का? आणि त्यावर बोंब मारणारा फुटबॉलप्रेमी 'खेळात राजकारण आणतो' म्हणायचं का? मुंबईत महिंद्र कंपनीचा फुटबॉल संघ महिंद्र युनायटेड २०१० मध्ये बंद झाला तेव्हा हीच वेळ आपल्या दाराशी आली होती. रेल्वेच्या किंवा पोलिसांच्या नोकरीच्या आशेवर कबड्डीचा सराव करणाऱ्या आपल्याकडच्या पोरांना याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

तिसरा आक्षेप मला खरंच अडवतो, म्हणून त्यावर थोडं थांबतो. न्यायाच्या नावाखाली बाहेरून केलेला गवगवा गरिबाच्याच मुळावर येतो, असं म्हणतात. याचं उदाहरण सियालकोटमध्ये आहे. जगातले हाताने शिवलेले बहुसंख्य फुटबॉल गेली कित्येक दशकं या एका शहरातून आणि भोवतालच्या खेड्यांतून जातात. अलीकडच्या विश्वचषकांचे चेंडूही तिथलेच. हाताची शिलाई बघितली तर डोळ्यांसमोरून जात नाही: दोन गुडघ्यांत लाकडी चिमटा, चिमट्यात पंचकोनाला षटकोन, मेण लावलेला दोरा, दोन सुया समोरासमोरून त्याच भोकातून जाणाऱ्या, आणि प्रत्येक टाक्याला दोन्ही हात बाजूंना ताणून दिलेला झटका. बारा पंचकोन, वीस षटकोन. मुरलेला कारागीर दिवसाला चार-पाच चेंडू शिवतो आणि त्याला प्रत्येक चेंडूमागे मिळणारी मजुरी दुकानातल्या किमतीसमोर नगण्य असते. १९९६ मध्ये हे काम करणाऱ्या एका लहान मुलाचं छायाचित्र अमेरिकी मासिकात छापून आलं, जगभर आरडाओरडा झाला आणि फेब्रुवारी १९९७ मध्ये अटलांटात करार झाला: मुलं नकोत, शिलाई घरात नको, देखरेखीखालच्या केंद्रांत हवी. मुलं बऱ्याच अंशी बाजूला झाली, हे चांगलं झालं. पण घरी बसून, चुलीकडे आणि पाळण्याकडे बघत शिवणाऱ्या हजारो बायकांचं कामही त्याच झटक्यात गेलं. परक्या पुरुषांबरोबर केंद्रात जाऊन बसणं त्यांच्या घरांत चालणार नव्हतं, आणि केंद्रं लांबही होती.

म्हणून काय, तो आवाज उठायलाच नको होता? मला तसं वाटत नाही. बारा वर्षांच्या मुलाने शाळा सोडून चेंडू शिवावा आणि त्याच वयाच्या दुसऱ्या मुलाने तो खेळावा, हे बघून गप्प राहणं कुठल्याही अर्थाने शहाणपण ठरत नाही. चूक न्याय मागण्यात झाली नाही. करार करायला ब्रँड बसले, उद्योजक बसले, आंतरराष्ट्रीय संस्था बसल्या, पण शिवणाऱ्या बायकांना कोणी बोलावलं नाही. बापाच्या आणि आईच्या मजुरीत घर चालत नव्हतं म्हणून मूल सुई धरत होतं. मजुरीच्या दराला हात न लावता फक्त मुलाच्या हातातली सुई काढली, तर घरातली भूक कुठे जाणार? पाकिस्तानातल्या फुटबॉलप्रेमीने हाच प्रश्न लावून धरला तर तो परदेशी गवगव्यापेक्षा खूप जवळून आणि खूप नेमका लावेल. आणि यात आपला धागाही आहे. फाळणीत सियालकोटहून उठून आलेल्या हिंदू कारागिरांनी आणि व्यापाऱ्यांनी जालंधरचा खेळसाहित्याचा धंदा उभा केला. आपल्या शाळांच्या मैदानांवर लाथाडले जाणारे कितीतरी चेंडू जालंधरच्या वस्त्यांमध्ये तशाच चिमट्यात, तशाच दोन सुयांनी शिवले जातात. त्या मजुरीबद्दल आपण कधी विचारलंय?

मुलींच्या बाबतीत तर 'फक्त खेळ' नावाची गोष्ट पाकिस्तानात कधी नव्हतीच. २००५ च्या एप्रिलमध्ये गुजरांवाला इथे स्त्री-पुरुषांच्या एकत्र दौडीवर धार्मिक पक्षांच्या कार्यकर्त्यांनी हल्ला केला. उत्तर म्हणून मे महिन्यात लाहोरला मानवी हक्कांच्या वकील अस्मा जहांगीर आणि त्यांचे सहकारी रस्त्यावर धावायला उतरले. पोलिसांनी त्यांना मारहाण करून गाडीत कोंबलं. रस्त्यावरून धावणं एवढाच गुन्हा. सप्टेंबर २०२२ मध्ये पाकिस्तानचा महिला फुटबॉल संघ आठ वर्षांनी आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरला, काठमांडूत मालदीवला ७-० ने हरवलं. सामन्यानंतर एका पत्रकाराने विचारलं ते मुलींच्या चड्ड्यांबद्दल, लेगिंग्ज का घातल्या नाहीत म्हणून. सात गोल कसे झाले हे त्याला विचारावंसं वाटलं नाही. मैदानात राजकारण कोणी आणलं, त्या मुलींनी की त्या पत्रकाराने?

आणि शाहिदा रझा. क्वेट्ट्याची, हजारा समाजाची. शिया आणि हजारा म्हणून त्या समाजाने क्वेट्ट्यात इतके हल्ले सोसलेत की त्यांच्या वस्त्या चौक्यांच्या आड गेल्या. ती पाकिस्तानकडून हॉकी खेळली, क्लब पातळीवर फुटबॉल खेळली. तिच्या लहान मुलाला अपंगत्व होतं आणि त्याच्यावर उपचार मिळावेत म्हणून ती युरोपच्या वाटेला लागली. २६ फेब्रुवारी २०२३ च्या पहाटे इटलीच्या कालाब्रिया किनाऱ्याजवळ तुर्कस्तानातून निघालेली लाकडी बोट फुटली. नव्वदहून अधिक माणसं बुडाली, त्यात शाहिदाही होती. देशाचा शर्ट अंगावर घातलेल्या बाईला मुलाच्या औषधासाठी तस्करांच्या बोटीत बसावं लागलं. तिची कहाणी क्रीडा पानावर छापायची की राजकीय पानावर?

शेवटी, ज्या हस्तांदोलनावरून हे सुरू झालं त्याबद्दल. २२ एप्रिल २०२५ ला पहलगाममध्ये २६ माणसं मारली गेली, त्यातली सहा महाराष्ट्रातली. डोंबिवली, पुणे, पनवेलच्या ज्या घरांत त्या आठवड्यात शव आले, त्या घरांना 'खेळ खेळाच्या जागी' असं सांगायची माझी हिंमत नाही आणि इच्छाही नाही. दुःखातल्या माणसाने हात मागे घेतला तर तो त्याचा हक्क आहे. पाकिस्तानच्या गृहमंत्र्याच्या हातून करंडक नको, हेही मला समजतं. त्याच माणसाने मंत्रिपद आणि मंडळ दोन्ही धरून ठेवायचं आणि वर खेळ स्वच्छ असल्याचं सांगायचं, हे ताकाला जाऊन भांडं लपवणं झालं. पण मग 'खेळात राजकारण असतंच' हे मान्य करणाऱ्यांनी ते सीमेवर थांबवू नये. आशिया चषकात एक हात मागे घेणाऱ्यांनी आपल्याच शहरातल्या क्रीडांगणांवर टॉवर उभे राहताना दुसरा हातही खिशात का ठेवला? 'पाकिस्तानातल्या गरिबाच्या न्यायाशी आपलं काय देणंघेणं' असं विचारणाऱ्यांना माझं सांगणं आहे की पाकिस्तानच्या सत्ताधाऱ्यांना सर्वात नेमके प्रश्न विचारणारी माणसं तिथेच राहतात. ल्यारीतल्या ककरी ग्राउंडच्या कडेला उभं राहून सामना बघणारा माणूस त्यांच्यापैकी एक असतो. त्या सगळ्यांना एकाच झेंड्यात गुंडाळलं की नक्वींसारख्यांचं काम सोपं होतं.

त्या दिवशी संध्याकाळी मी सहकाऱ्याला विचारलं, गेट उघडलं का मग तुमचं? म्हणाला, अर्धं. कोपऱ्यातला एक भाग कोणीतरी पार्किंगला दिलाय. बाकीच्या भागात शुक्रवारी सकाळी पोरं खेळतात, आणि आता दुपारी दोन तास मुली. त्या दोन तासांसाठी त्याची धाकटी बहीण आणि तिच्या मैत्रिणी सहा महिने कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवत होत्या. परवानगीच्या कागदाचा फोटो त्याने मला दाखवला. उर्दूत होता, मला वाचता आला नाही. खाली मात्र अकरा सह्या होत्या, त्यातल्या दोन अंगठ्याच्या.